ट्रॅक्टरचा ठावठिकाणा उपग्रहांवरून कसा कळतो?

भाड्याने नांगरट करणारे ट्रॅक्टर व ऊस वाहून नेणारी वाहने यांवर हल्ली ठावठिकाणा दाखविणारे यंत्र बसविण्यात येते. उपग्रह आपले वाहन वरून पाहत असतो, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. उपग्रह केवळ संदेश पाठवितो; जागा शोधण्याचे काम वाहनावरील यंत्रच करते.

जीपीएस या अमेरिकन व्यवस्थेचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अतिशय अचूक अणुघड्याळ असते. आपण कोठे आहोत व संदेश केव्हा निघाला, हे उपग्रह सतत कळवीत असतो. संदेश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर वेगाने येतो. त्यास लागलेल्या वेळावरून यंत्र उपग्रहाचे अंतर काढते. ठरावीक खुणांपासूनची अंतरे मोजून विहिरीची जागा दाखविता येते, त्याप्रमाणेच तीन उपग्रहांच्या अंतरांवरून वाहनाची जागा निघते. परंतु यंत्रातील साधे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. ती काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. भारताने २०१३ पासून सोडलेल्या ‘नाविक’ उपग्रहांचे तत्त्वही हेच आहे.

निघालेली जागा मालकाकडे उपग्रह पोहोचवीत नाही. ते काम यंत्रातील सिमकार्ड मोबाइलच्या जाळ्यामार्फत करते. म्हणून रेंज नसलेल्या शिवारात वाहन जुन्याच ठिकाणी उभे दिसते. अशा वेळी चालकास दोष देण्यापूर्वी खात्री करावी.

यंत्र लोखंडी पत्र्याखाली बसवू नये. त्यास मोकळे आकाश मिळावे. दाट झाडी व उंच भिंती यांजवळ चूक वाढते. मोकळ्या रानातही साध्या यंत्रात काही मीटरचा फरक पडतो. १० गुंठ्यांच्या चौरस तुकड्याची बाजू सुमारे ३२ मीटर असते. तीत ३ मीटरची चूक झाल्यास जवळजवळ १ गुंठा क्षेत्र कमीजास्त भरते. यास्तव लहान तुकड्यांच्या नांगरटीचा हिशेब टेपने मोजून करावा. बांधाचा वाद असल्यास भूमि अभिलेख खात्याकडून रीतसर मोजणी करून घ्यावी. यंत्र वाहन शोधण्यासाठी आहे, हद्द ठरविण्यासाठी नव्हे, ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना अवश्य समजावून द्यावी.