शिक्र्याची वीण आणि छाटणीचे वेळापत्रक

घारींच्या संख्येवरून पुण्याची हिरवाई जोखणे फसवे आहे. घार टॉवरवरही घरटे करते, तिला कचऱ्यातले मांसही चालते. शिक्रा हा शिकारी पक्षी मात्र उंच, दाट झाड शोधतो. त्याला सरडे, खारी, छोटे पक्षी असे जिवंत भक्ष्य लागते. म्हणून त्याचे घरटे अधिक बोलके. त्याची वीण साधारण मार्च ते जूनमधली. अंडी घालण्यापासून पिल्ले उडेपर्यंत सुमारे दोन महिने जातात. नेमकी याच काळात झाडांची पावसाळापूर्व छाटणी होते. ती या काळात टाळायला हवी. धोकादायक फांद्या काढायलाच हव्यात, हा आक्षेप रास्त आहे. पण बहुतेक फांद्या आदला पावसाळा सरल्यावरही उतरवता येतात. उरलेल्यांसाठी आधी घरटे तपासावे, कारण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरट्याची नासधूस हा गुन्हा ठरतो. पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी इथे थेट उपयोगी पडतील.