बंब सुरू होत नाही, आणि बॅटरी तर नवी!

आगीचा जुना बंब सुरू झाला नाही की पहिला आळ बॅटरीवर येतो. नवी जोडी बसते, काही दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच तक्रार: सेल्फ उचलत नाही. अशा वेळी बॅटरी बहुधा दुसऱ्याच्याच दोषाची शिक्षा भोगत असते.

बंब धावतो कमी, उभा राहतो फार. त्यात पंपाच्या आसपास आणि चेसिसखाली सतत ओल. चेसिस एका कंपनीची, वरची बॉडी दुसऱ्या कारखान्यातली, म्हणजे वायरिंगही दोन हातांचं. पुढे सायरन, बीकन, सर्चलाइट, वायरलेस असं जे जे आलं ते जागा सापडेल तिथे जोडलेलं. अशा गाडीत मी सर्वांत आधी अर्थ तपासायला सांगेन. वीज बॅटरीतून तारेने जाते, पण परत येते ती चेसिसच्या लोखंडातून, आणि नेमका तिथेच बोल्टखाली गंज बसतो.

गंमत अशी की दिवे मात्र लखलखीत लागतात. पार्किंगच्या दिव्याला एखादा अँपिअर पुरतो, सेल्फला काही शे लागतात. गंजलेल्या सांध्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतका धरा. एका अँपिअरला तिथे ०.०१ व्होल्ट जातो, कळतही नाही. चारशे अँपिअरला थेट ४ व्होल्ट जातात. म्हणून गाडी बंद असताना मीटर लावून समाधान मानू नये. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस टोकावर, दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरावी आणि कुणालातरी सेल्फ मारायला सांगावं. काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर अर्थची केबल, तिचे लग आणि बोल्टखालची जागा घासून लख्ख करावी. प्लसच्या बाजूला मेन स्विचच्या दोन्ही टोकांवर हीच परीक्षा घ्यावी. जुन्या मेन स्विचचे आतले कॉन्टॅक्ट जळलेले असतात.

बॅटरी मारण्याचा आणखी एक रूढ मार्ग आहे. ट्रकच्या चेसिसवरच्या बहुतेक बंबांत बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. बारा व्होल्टचा वायरलेस आला की वायरमन मधल्या जोडावरून तार काढतो. काम होतं, पण खालची, म्हणजे अर्थकडची बॅटरी एकटीच उतरत राहते. रेग्युलेटरला दिसते ती दोघींची बेरीज, साधारण २८ व्होल्ट. त्यामुळे वरची बॅटरी जादा चार्जने उकळते, पाणी आटवते, आणि खालची कायम अर्धपोटी. दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजलं की लबाडी उघड होते. यावर सरळ उपाय: २४चे १२ करणारा कन्व्हर्टर.

उभ्या बंबाची बॅटरी आपोआप उतरत असेल तर शटरमागच्या कप्प्यातले दिवे पाहा. स्विच अडकला तर १० वॅटचा दिवा बंद दाराआड जळत राहतो. २४ व्होल्टवर दिवसाला दहा अँपिअर-तास गेले. १२० अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवडेही टिकायची नाही. शोधायला मायनसच्या तारेत अँपिअरमीटर घालून एकेक फ्यूज काढावा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये, नाहीतर मीटरच जाईल. फार जुन्या ब्रिटिश गाडीत काही लावायचं असेल तर आधी अर्थ प्लसला आहे का, तेही बघावं.

शेवटची विनंती अग्निशमन केंद्रांवरच्या मंडळींना. कुठली तार कुठे जाते हे अनेकदा एकाच जुन्या वायरमनला ठाऊक असतं. तो निवृत्त होण्याआधी त्याच्यासोबत बसून नकाशा काढून घ्या, तारांना क्रमांक घाला आणि एक प्रत केबिनमध्येच ठेवा.