जत्रा भरते, मैफल रंगते

थाटामाटाच्या प्रसंगांसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. सोहळा, उत्सव, समारंभ, जत्रा, उरूस, मैफल, जलसा, दरबार अशी नावे कुणालाही भराभर आठवतील. कोशात त्यांचे अर्थ मिळतात, पण ते रोजच्या वाक्यात कसे वापरायचे हे त्यांच्या सोबतची क्रियापदे सांगतात. जत्रा भरते, उरूस भरतो, दरबारही भरतो. नवरात्र बसते, गणपती बसतात. मैफल जमते आणि मग रंगते. लग्न लागते, पालखी प्रस्थान ठेवते, समारंभ पार पडतो. ही क्रियापदे सवयीने चिकटलेली नाहीत. त्या प्रसंगाला भव्यता कोण देते, याचे उत्तर मराठीने त्यांत नोंदवून ठेवले आहे, आणि आज आपण नेमके तेच पुसत चाललो आहोत, असे माझे म्हणणे आहे.

‘भरणे’ घ्या. बाजार भरतो, शाळा भरते, तशीच जत्रा भरते. तिथे कुणी एक कर्ता नसतो. माणसे येत जातात आणि त्यांच्या येण्यानेच ती गोष्ट अस्तित्वात येते. पाळणे, रेवड्या, कुस्त्यांचा फड सारे असूनही माणसे आली नाहीत, तर जत्रा भरलीच नाही असे म्हणतात. ‘रंगणे’ त्याहून अवघड. ते कुणाच्या हुकमतीत नसते. उत्तम गायक, उत्तम साथ, भरगच्च सभागृह असूनही ‘मैफल झाली, पण रंगली नाही’ हे वाक्य पूर्ण अर्थाचे आहे आणि जाणकार ते बिनदिक्कत उच्चारतात. ‘पार पडणे’ या क्रियापदात धाकधूक आहे, वाटेत विघ्न येऊ शकले असते याची जाणीव आहे. म्हणून तर त्याच्याआधी ‘निर्विघ्नपणे’ येते. शिवाय कार्य ‘पार पडले’ आणि अमक्याने ते ‘पार पाडले’ यांत केवळ एका कान्याचा फरक असला, तरी पहिल्यात सगळ्यांचा वाटा राहतो आणि दुसऱ्यात एकाचे कर्तृत्व पुढे येते.

‘सोहळा’ हा या सगळ्यांतला वजनदार शब्द. त्याचे सर्वांत जिवंत रूप आषाढी वारीच्या पालखी सोहळ्यात दिसते. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखीला स्वतंत्र सोहळ्याचे रूप दिले. अश्व, तंबू, चोपदार, दिंड्यांचा क्रम, भजनाची शिस्त हा सगळा लवाजमा तेव्हापासूनचा आहे. पाहणाऱ्याचे डोळे दिपावेत असेच हे दृश्य, पण त्याचा थाट चालणाऱ्यांच्या पायांनी उभा राहतो. वारकरी सोहळा ‘अनुभवतो’, जुन्या भाषेत तो ‘भोगतो’. सुखसोहळा हा जोडशब्दही हेच सांगतो, की सोहळा हा आधी आनंद आणि मग देखावा.

यावर कुणी विचारेल, की मग रायगडावरच्या राज्याभिषेकाचे काय? ६ जून १६७४ चा तो प्रसंग राजाच्या इच्छेने आणि राज्याच्या खजिन्यातून झाला. सभासद बखर बत्तीस मण सोन्याच्या सिंहासनाचा उल्लेख करते. गागाभट्टांनी विधी केले, ईस्ट इंडिया कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन हजर होता. इथे खर्चही अफाट आणि योजनाही काटेकोर. तरीही त्याला सोहळा म्हणताना मराठी माणसाची जीभ अडखळत नाही, कारण त्या खर्चामागे एका सार्वभौम राज्याची घोषणा होती, नवा शक सुरू होत होता. म्हणजे पैसा लागला म्हणून सोहळेपण जात नाही. पैसा कशासाठी लागला हे पाहिले जाते, आणि ते मोजायला मराठीने वेगळी शब्दमाळ ठेवली आहे. ‘थाट’ म्हटले की कौतुक असते. ‘डामडौल’ म्हणताना भुवई किंचित वर जाते, ‘बडेजाव’ म्हणताना नाराजी उघड होते, ‘भपका’ हा ठपका असतो आणि ‘अवडंबर’ हा निकाल. ‘थाटात लग्न लावले’ आणि ‘लग्नाचे अवडंबर माजवले’ या दोन वाक्यांतला मांडव एकच असू शकतो. बोलणाऱ्याचे मत मात्र लपत नाही.

दुसरा आक्षेप परक्या शब्दांचा. इव्हेंट, ग्रँड गाला, म्युझिकल एक्स्ट्राव्हॅगान्झा हे शब्द हाकलून द्या, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. उरूस अरबी आहे, मुळात तिकडे त्याचा अर्थ लग्न. जलसाही अरबी, त्याचा अर्थ बैठक. दिमाख म्हणजे तर मेंदू. मराठीने हे सगळे घेतले, त्यांना आपली क्रियापदे दिली आणि ते आपले झाले. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तर त्या शब्दाला समाज जागवण्याचे काम दिले. ‘इव्हेंट’चेही तसेच होऊ लागले आहे. ‘साध्या बारशाचाही इव्हेंट केला’ हे वाक्य आज घराघरात ऐकू येते आणि त्यात ‘अवडंबर’ची सारी धार आहे. तिकिटे, प्रायोजक, प्रकाशयोजना, सुरक्षा यांचे व्यवसाय म्हणून केलेले काम जिथे असते, तिथे इव्हेंट हाच नेमका शब्द आहे. तो तिथे खुशाल राहावा.

खरे नुकसान एका अस्सल मराठी वाटणाऱ्या वाक्यरचनेने केले आहे: ‘भव्य सोहळ्याचे आयोजन करण्यात आले आहे’. जत्रेचे आयोजन, मैफलीचे आयोजन, कीर्तनाचे आयोजन, सगळ्यांना एकच साचा. बातमीदार म्हणतील, की घाईत सुरक्षित वाक्य लागते. कार्यालयीन परिपत्रकात ते चालेलही. पण या साच्यात आयोजक तेवढा उरतो. येणारे, गाणारे, चालणारे वाक्याबाहेर पडतात. मग गेलेले वजन भरून काढायला ‘भव्यदिव्य’, ‘शाही’, ‘महा’ अशी विशेषणे ओतावी लागतात आणि लवकरच तीही पोकळ होतात. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एकत्र रंगमंचावर उभे राहिले. मराठी रंगभूमीवरच्या अत्यंत गाजलेल्या रात्रींपैकी ही एक. तिला आपण शतकभर ‘संयुक्त मानापमानाचा प्रयोग’ एवढेच म्हणत आलो आहोत. महा हे उपपद तिथे कुणालाच लागले नाही.

येत्या लग्नसराईत पत्रिका, निमंत्रणे, बातम्या लिहिणाऱ्यांनी एवढे करावे: ‘आयोजन करण्यात आले आहे’ खोडावे आणि त्या प्रसंगाचे स्वतःचे क्रियापद लिहावे.