स्मरणरंजन आणि वेळापत्रक : 'कॅलिफोर्निया झेफर' या रेल्वेगाडीच्या संदर्भात

प्रास्ताविक

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठीत 'स्मरणरंजन' हा शब्द रूढ झाला आहे. मूळ संज्ञेत मात्र रंजनापेक्षा वेदनेचा अंश अधिक होता. योहानेस होफर या वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकाने १६८८ साली बाझल येथे सादर केलेल्या प्रबंधात 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून ही संज्ञा घडविली. मायभूमीपासून दूर गेलेल्या स्विस तरुणांना घराच्या ओढीने जडणारा विकार, असा तिचा आरंभीचा अर्थ होता. पुढे परक्या सैन्यात चाकरी करणाऱ्या स्विस शिपायांशी ती विशेषत्वाने जोडली गेली. थोडक्यात, डोंगराळ मुलुखातील माणसांच्या दुखण्याचे हे नाव होते. आज तीच संज्ञा डोंगरातून धावणाऱ्या आणि आता बंद पडलेल्या रेल्वेगाड्यांविषयी सर्रास वापरली जाते, हा एक लक्षणीय योगायोग म्हणावा लागेल.

अशा गाड्यांच्या आठवणी जागविणारे लेखन जगभर विपुल आहे. त्यात डब्यांची चकाकी, भोजनयानातील पांढरे टेबलपोश, खिडकीतून दिसणारी हिमशिखरे यांची वर्णने वारंवार येतात. परंतु नेमके काय हरवले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील 'कॅलिफोर्निया झेफर' या गाडीच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार केला आहे. ही गाडी २० मार्च १९४९ रोजी सुरू झाली आणि मार्च १९७० मध्ये, म्हणजे अवघ्या एकवीस वर्षांनी, बंद पडली. एवढ्या अल्प आयुष्यात तिने मिळविलेले प्रेम पाहता हे उदाहरण विचारात घेण्याजोगे ठरते.

इंजिनचालकाची दृष्टी

या गाडीची ओळख तिच्या काचेच्या घुमटांनी घडविली. घुमटाच्या कल्पनेचा उगम १९४४ सालचा आहे. जनरल मोटर्स या उद्योगसमूहाच्या इंजिननिर्मिती विभागाचे प्रमुख सायरस ऑस्बर्न हे कोलोराडो राज्यातील ग्लेनवुड कॅन्यन या खोल दरीतून डिझेल इंजिनात बसून प्रवास करीत होते. समोर उलगडत जाणारे ते दृश्य प्रवाशांना कधीच दिसत नाही, ते फक्त इंजिनचालकाच्या वाट्याला येते, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्यातून डब्याच्या छपरावर काचेचा घुमट बसवून त्यात आसने ठेवण्याची कल्पना पुढे आली. बर्लिंग्टन रेल्वेने १९४५ साली आपल्याच एका डब्याचे रूपांतर करून असा पहिला डबा तयार केला. या रचनेला 'व्हिस्टा-डोम' हे नाव मिळाले.

या बदलाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. वोल्फगांग शिव्हेलबुश यांनी रेल्वेप्रवासाच्या इतिहासावरील आपल्या १९७७ च्या ग्रंथात असे दाखविले आहे की, रेल्वेने माणसाच्या पाहण्याची रीतच बदलली. बैलगाडीने किंवा घोडागाडीने जाणारा प्रवासी वाटेतील झाडाझुडपांच्या, माणसांच्या सान्निध्यात असे. रेल्वेच्या खिडकीतून जवळचे सारे पुसट होते आणि दूरचे तेवढे चित्रपटासारखे सरकत राहते. शिवाय ही खिडकी बाजूची. गाडी कोठे चालली आहे हे प्रवाशाला दिसत नाही. जे मागे पडत आहे तेच दिसते. घुमटात बसलेल्या प्रवाशाला प्रथमच पुढचा मार्ग, पुढचे वळण, बोगद्याचे तोंड दिसू लागले. 'झेफर'च्या प्रत्येक गाडीत असे पाच घुमट होते आणि प्रत्येकात चोवीस आसने होती. या आसनांचे वेगळे तिकीट नव्हते. साध्या आसनाचे तिकीट काढलेल्यांसाठीही घुमट होते. ही बाब पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

दहा तासांची किंमत

घुमट इतर गाड्यांनाही लागले. 'झेफर'चे वेगळेपण तिच्या वेळापत्रकात होते आणि स्मरणरंजनपर लेखनात दुर्लक्षिली जाते ती हीच गोष्ट.

शिकागो ते ओकलंड हा सुमारे चार हजार किलोमीटरचा मार्ग तीन कंपन्यांच्या मालकीचा होता. शिकागो ते डेन्व्हर बर्लिंग्टन, डेन्व्हर ते सॉल्ट लेक सिटी रिओ ग्रांडे आणि तेथून पुढे वेस्टर्न पॅसिफिक अशी विभागणी होती. रॉकी पर्वत थेट ओलांडणारा हा मार्ग तसा नवाच होता. सुमारे दहा किलोमीटर लांबीचा मॉफट बोगदा १९२८ साली खुला झाला आणि त्याला जोडणारा डॉटसेरो येथील दुवा १९३४ साली पूर्ण झाला, तेव्हा कोठे डेन्व्हरहून सरळ पश्चिमेकडे जाणारा सलग लोहमार्ग उपलब्ध झाला. त्यापूर्वी गाड्या साडेतीन हजार मीटरांहून अधिक उंचीच्या खिंडीतून बर्फाशी झुंजत जात असत.

उत्तरेकडील वायोमिंगच्या मार्गाने जाणारी प्रतिस्पर्धी गाडी 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' हेच अंतर पावणेचाळीस तासांत कापत होती. 'झेफर'ला सुमारे पन्नास तास लागत. दहा तासांचा हा फरक भरून काढणे तिन्ही कंपन्यांना शक्य नव्हते. त्यांनी उणेपणालाच गुण ठरविले. गाडी शिकागोहून दुपारी सुटे. मध्यभागातील सपाट प्रदेश रात्री मागे पडे. सकाळी डेन्व्हर येई आणि मग दिवसभर रॉकी पर्वत, ग्लेनवुडची दरी, कोलोराडो नदीचा काठ. दुसऱ्या रात्री युटा आणि नेव्हाडाचे वाळवंट ओलांडले जाई, आणि तिसऱ्या दिवशी उजाडल्यावर सिएरा नेव्हाडा पर्वतातील फेदर नदीची दरी सुरू होई. उलट दिशेच्या गाडीचे वेळापत्रकही असेच आखलेले होते, ही विशेष कौशल्याची गोष्ट. पाहण्याजोगे ते दिवसा आणि उरलेले झोपेत, हे तत्त्व दोन्ही दिशांना साधणे म्हणजे साधी बाब नव्हे. त्यासाठी सहा संपूर्ण गाड्या सतत फिरत ठेवाव्या लागत.

रेल्वेच्या इतिहासात वेळापत्रक नेहमी वेगाच्या, टपालाच्या किंवा मालाच्या गरजेने ठरते. येथे ते सूर्यप्रकाश आणि पर्वत यांच्या मेळाने ठरविले गेले. तेव्हा 'झेफर'ची खरी निर्मिती बड कंपनीच्या कारखान्यातील पोलादी डब्यांपेक्षा या एका प्रशासकीय निर्णयात आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

दृश्याच्या बाहेर राहिलेले

स्मृती निवड करते. घुमटातून दिसणाऱ्या त्या 'निर्जन' दऱ्या मुळात निर्जन नव्हत्या. पश्चिम कोलोराडो ही यूट जमातीची भूमी. तेथील बहुसंख्य यूट लोकांना १८८१ साली सक्तीने युटामध्ये हलविण्यात आले आणि त्यानंतर सहा वर्षांत, १८८७ साली, ग्लेनवुड स्प्रिंग्सला रेल्वे पोहोचली. गाडीच्या आतही असेच काही झाकलेले होते. शयनयानांतील सेवक बहुतेक कृष्णवर्णीय असत. पुलमन कंपनीच्या मालकाच्या नावावरून प्रवासी त्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत, जणू त्यांना स्वतःची नावे नव्हतीच. ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली १९२५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेला कंपनीशी करार करण्यासाठी १९३७ साल उजाडावे लागले. 'झेफरेट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिचारिकांचे कौतुक आठवणींतून खूप आढळते. ध्वनिक्षेपकावरून स्थळांची माहिती देणाऱ्या या तरुणींना नोकरीसाठी अविवाहित असण्याची अट होती, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. स्वेतलाना बॉयम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात स्मरणरंजनाचे दोन प्रकार मानले आहेत : गतकाळ जसाच्या तसा पुन्हा उभारू पाहणारे आणि त्याच्याकडे चिंतनशीलपणे पाहणारे. पहिल्या प्रकाराला अशा गोष्टींची अडचण होते. दुसऱ्याला होत नाही.

अस्त

'झेफर' का बंद पडली, याचे उत्तर 'लोकांची आवड बदलली' असे सोपे नाही. उन्हाळ्यात गाडीला अखेरपर्यंत प्रवासी मिळत होते. परंतु १९५६ च्या कायद्याने देशभर महामार्गांचे जाळे उभे राहू लागले, आणि १९५८ नंतर जेट विमानांनी पन्नास तासांचा प्रवास काही तासांवर आणला. रेल्वेने जाणारा माणूस आता हौशीचा प्रवासी ठरला. हौशीचा प्रवासी हिवाळ्यात येत नाही. सहा गाड्या आणि त्यांवरील सेवकवर्ग मात्र बारा महिने पोसावा लागे. वेस्टर्न पॅसिफिकने १९६६ साली गाडी बंद करण्याची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. १९७० साली ती मिळाली.

यानंतरचा इतिहास अधिक बोलका आहे. १९७१ साली अ‍ॅमट्रॅक हे राष्ट्रीय प्रवासी रेल्वे महामंडळ सुरू झाले, तेव्हा रिओ ग्रांडे कंपनी त्यात सामील झाली नाही. तिने आपल्या हद्दीत 'रिओ ग्रांडे झेफर' ही घुमटांची छोटी गाडी आठवड्यातून तीन दिवस एप्रिल १९८३ पर्यंत चालविली. त्याच वर्षी जुलैत अ‍ॅमट्रॅकची गाडी या मार्गावर आली आणि तिने 'कॅलिफोर्निया झेफर' हे जुने नाव धारण केले. तिचा सिएरामधील मार्ग मात्र फेदर नदीचा नाही, डॉनर खिंडीचा आहे. ऑस्बर्न यांच्या कल्पनेचे स्मारक ग्लेनवुडच्या दरीत १९५० साली उभारले होते. ते आता गोल्डन येथील रेल्वे संग्रहालयात आहे, आणि दरीतून १९९२ साली पूर्ण झालेला महामार्ग जातो.

आजच्या अ‍ॅमट्रॅक गाडीला घुमट नाहीत. मोठ्या खिडक्यांचा एक सामायिक डबा आहे. परंतु ती शिकागोहून दुपारी सुटते, सकाळी डेन्व्हरला पोहोचते आणि रॉकी पर्वत दिवसाच ओलांडते. म्हणजे घुमट गेले, वेळापत्रकाचा सांगाडा टिकला. तोही डळमळीत आहे, कारण डेन्व्हरपलीकडील लोहमार्ग मालवाहतूक करणाऱ्या युनियन पॅसिफिक कंपनीच्या मालकीचा आहे आणि गाडीला पाच-सहा तास उशीर झाला की हिवाळ्यात दऱ्या अंधारात जातात.

महाराष्ट्रात नेमकी याच्या उलट स्थिती आढळते. 'व्हिस्टा-डोम' हे नाव भारतात २०१७ साली आले. आधी विशाखापट्टणम-अरकू आणि त्याच वर्षी मुंबई-मडगाव मार्गावर असे डबे धावू लागले. २०२१ साली ते डेक्कन एक्स्प्रेस आणि डेक्कन क्वीन या गाड्यांना जोडण्यात आले. हे डबे दुमजली घुमटाचे नाहीत. छपरात काच आणि फिरती आसने अशी त्यांची रचना आहे आणि त्यांचे भाडे वेगळे व चढे आहे. 'झेफर'च्या घुमटात साध्या तिकिटाचा प्रवासी बसू शकत होता. येथे बोरघाटाचे दृश्य हा स्वतंत्र वर्ग झाला आहे. त्यातही डेक्कन क्वीनचे वेळापत्रक पुण्याहून सकाळी मुंबई गाठणाऱ्या आणि संध्याकाळी परतणाऱ्या प्रवाशांच्या सोयीने चालत आले आहे. नोकरदारांसाठी ते योग्यच आहे. मात्र डिसेंबरात संध्याकाळी मुंबईहून निघालेली ही गाडी कर्जत सोडून घाट चढू लागते, तेव्हा काचेच्या छपरावर केवळ डब्यातील दिव्यांचे प्रतिबिंब असते.