विसर, धास्ती आणि कर्करोग : मुळे शरीरात शोधताना

कर्करोगातून उठलेल्या माणसाकडे आपण ठरावीक खुणांनीच पाहतो. गाठ गेली, केस आले, वजन वाढले, म्हणजे माणूस बरा झाला. त्या माणसाच्या तक्रारी मात्र वेगळ्याच असतात. ओळखीचे नाव ओठांवर येत नाही, गॅसवर दूध ठेवल्याचे ध्यानात राहत नाही, पेपरातला एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. जोडीला छातीत धडधड आणि रात्री दाटून येणारी धास्ती. यावर घरोघरी एकच सल्ला मिळतो, ‘मन घट्ट कर.’ गेल्या काही दशकांतले संशोधन मात्र सांगते की, या तक्रारींची मुळे पुष्कळदा मेंदूत, रक्तात आणि चालू असलेल्या औषधांत असतात.

या अवस्थेला रुग्णांमध्ये ‘केमोब्रेन’ म्हणतात. पण सगळा दोष केमोथेरपीवर टाकता येत नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातल्या संशोधकांनी स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या स्मृतीच्या आणि एकाग्रतेच्या चाचण्या केमो सुरू होण्याआधीच घेतल्या. २००४ साली त्यांनी नोंदवले की, सुमारे एक तृतीयांश स्त्रियांमध्ये तेव्हाच उणीव दिसत होती. काळजी आणि थकवा यांचा त्यात वाटा असू शकतो. पण आणखी एक मोठा संशयित आहे, तो म्हणजे दाह. गाठीमुळे आणि तिच्याशी लढणाऱ्या प्रतिकारशक्तीमुळे इंटरल्युकिन-६, टीएनएफ यांसारखी सायटोकाइन रसायने रक्तात वाढतात आणि त्यांचे संदेश मेंदूपर्यंत पोहोचतात. तापात आपल्याला सुस्ती येते, काही सुचत नाही, कुणाशी बोलू नये असे वाटते, तेही याच रसायनांमुळे. ताप दोन दिवसांत उतरतो. कर्करोगात हा दाह महिनोन्‌महिने चालू राहू शकतो.

केमोची औषधे यात आणखी भर घालतात. २००७ साली अमेरिकेत साठीतल्या एकसारख्या जुळ्या बहिणींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकीने स्तनाच्या कर्करोगासाठी केमो घेतली होती, दुसरीला कर्करोग झालेला नव्हता. चाचण्यांच्या गुणांत दोघींमध्ये फारसा फरक नव्हता. पण केमो घेतलेल्या बहिणीच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या श्वेतद्रव्यावर जास्त डाग होते आणि तेच काम करताना तिच्या मेंदूचा अधिक मोठा भाग राबत होता. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हटल्यावरही रुग्ण दमून का जातो, याचा अर्थ इथे लागतो. एका जोडीवरून नियम ठरत नाही, पण शोधाची दिशा कळते.

त्या दिशेने पुढे जाताना स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मिशेल मॉन्जे यांच्या गटाने २०१८ साली उंदरांमधली साखळी उलगडली. मेथोट्रेक्सेट या केमोच्या औषधामुळे मेंदूतल्या मायक्रोग्लिया या रक्षक पेशी चेतवल्या जातात. त्यामुळे चेतातंतूंवरचे मायलिनचे वेष्टन तयार करणाऱ्या पेशींची वाढ बिघडते, वेष्टन पातळ होते आणि संदेशवहन मंदावते. औषधाने मायक्रोग्लिया कमी केल्यावर उंदरांची स्मृती सुधारली. हा उपाय माणसांसाठी अजून तयार नाही.

मेंदूला रेडिएशन देताना धोका असतो तो हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला. म्हणूनच शक्य असेल तिथे हा भाग वाचवून किरण देण्याची पद्धत आली. शिवाय रक्तक्षय, सोडियम घटणे, कॅल्शियम वाढणे, बी-१२ची कमतरता, उपचारामुळे अकाली आलेली रजोनिवृत्ती, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्या, ही कारणेही विसर आणि गोंधळ वाढवतात. यांतली बरीचशी साध्या तपासणीत सापडतात आणि दुरुस्त करता येतात.

आता धास्तीकडे वळू. मृत्यूचे भय, खर्चाची चिंता, पुढच्या स्कॅनची भीती हे सारे खरेच आहे. पण उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडने काहींना एका जागी बसवत नाही, आणि ती तगमग घबराटीसारखीच दिसते. डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड झोप उडवतात, जीव अस्वस्थ करतात. इम्युनोथेरपीने थायरॉइड बिघडून धडधड सुरू होऊ शकते. अचानक आलेली घबराट आणि धाप फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचीही असू शकते. तिथे धीर देत बसणे जिवावर बेतते. क्वचित भीतीचे मूळ थेट गाठीतच असते. २००७ साली मेंदूविकारतज्ज्ञ जोसेप दालमाउ यांच्या गटाने दाखवले की, अंडाशयातल्या टेराटोमा गाठीमुळे कधी कधी शरीर मेंदूतल्या एनएमडीए ग्राहींविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि तरुण स्त्रियांमध्ये भीती, भ्रम, वेड्यासारखे वागणे दिसू लागते. वेळीच गाठ काढून प्रतिकारशक्तीवर उपचार केले, तर अनेकजणी बऱ्या होतात.

महाराष्ट्रातही हा विषय आता अधिक महत्त्वाचा होतो आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या कार-टी उपचाराला, म्हणजे रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून परत देण्याच्या उपचाराला, २०२३ साली मान्यता मिळाली. कार-टी वर्गातल्या उपचारांनंतर काही रुग्णांना तात्पुरता गोंधळ होतो, शब्द सापडत नाहीत. म्हणून या उपचारांत रुग्णाला रोज एक वाक्य लिहायला सांगतात. अक्षर बिघडले की डॉक्टर सावध होतात. मेंदूकडे असे रोज लक्ष ठेवण्याची शिस्त साध्या केमोच्या वॉर्डातही यायला हवी.

उपचार संपल्यावर बहुतेकांची स्मृती हळूहळू सुधारते. काहींच्या तक्रारी वर्षानुवर्षे राहतात. नियमित चालणे, पुरेशी झोप, वहीत नोंदी ठेवणे आणि समुपदेशन यांचा उपयोग होतो. मात्र त्याआधी तक्रार सांगितली गेली पाहिजे. रुग्णांनी पुढच्या भेटीत विसर कधी सुरू झाला, धास्ती कोणत्या औषधानंतर वाढली, हे लिहून न्यावे. नातेवाइकांनी ‘मन घट्ट कर’ म्हणण्याऐवजी सोबत जावे. आणि डॉक्टरांनी गाठीचे माप घ्यावे तितक्याच आवर्जून विचारावे : झोप लागते का, नावे आठवतात का, भीती वाटते का?