गळ्याची जुनाट वेदना : निदान आणि उपचार

हनुवटीपासून छातीच्या वरच्या खाचेपर्यंतचे अंतर वीतभरही नसते. परंतु शरीरात इतक्या थोड्या जागेत इतकी महत्त्वाची इंद्रिये दाटीने वसलेली क्वचितच आढळतात. मध्यभागी श्वासनलिका व तिच्या माथ्यावर स्वरयंत्र. त्यांच्या मागे अन्ननलिका. स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला पुढून कवटाळून बसलेली फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉइड. स्वरयंत्राच्या वर घोड्याच्या नालासारखे वाकलेले कंठिकास्थी. दोन्ही बाजूंस मेंदूकडे रक्त नेणाऱ्या ग्रीवा रोहिण्या. आणि या सर्वांभोवती स्नायू, लसीका ग्रंथी व तंत्रिका यांचे जाळे. यांपैकी काहीही दुखू लागले, तरी रोगी सांगतो ते एकच: ‘गळा दुखतो.’

सर्दीपडशाने दुखणारा घसा बहुधा आठवड्याभरात बरा होतो. वेदना तीन महिन्यांहून अधिक काळ टिकली, म्हणजे तिला जुनाट म्हणण्याचा प्रघात आहे. अशा रोग्याची भ्रमंती ठरलेली असते. प्रथम तो गुळण्या करतो. मग कान दुखतो म्हणून कानाच्या डॉक्टरकडे आणि दाढ ठणकते म्हणून दंतवैद्याकडे जातो. कधी कधी निरोगी दाढ उपटली जाते आणि वेदना होती तेथेच राहते. अखेरीस ‘सर्व तपासण्या ठीक आहेत, हे मनाचे खेळ आहेत,’ असे ऐकून तो निराश होतो. वस्तुतः यांतील पुष्कळ वेदनांचे कारण शोधता येते. मात्र ते शोधण्याची एक रीत आहे.

वेदनेचे स्थान आणि तिचा उगम

वेदना जेथे जाणवते तेथेच तिचे मूळ असते, असे नाही. घशाच्या वरच्या भागातील संवेदना जिव्हा-ग्रसनी तंत्रिकेने व स्वरयंत्रातील संवेदना प्राणेशा तंत्रिकेने मेंदूकडे जातात. या दोन्ही तंत्रिकांच्या शाखा कानालाही पोचतात. वाट एकच असल्याने घशातील दुखण्याचा निरोप कानातून आला, असा मेंदूचा समज होतो. म्हणूनच कान तपासून निर्दोष आढळला आणि तरीही एकाच बाजूचा कान सतत दुखत राहिला, तर जाणता डॉक्टर रोग्याचा घसा पाहतो. रोगी तंबाखू किंवा विडी वापरणारा असेल, तर ही तपासणी टाळताच येत नाही. कारण घशातील कर्करोगाची पहिली खूण कधी कधी एवढीच असते.

हृदयाची वेदनाही गळ्यात व जबड्यात उमटू शकते. लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डेन यांनी १७६८ साली हृदयशूलाचे वर्णन केले, तेव्हा तो चालताना उद्भवतो आणि थांबताच शमतो, हे लक्षण त्यांनी नोंदले. जिना चढताना गळा आवळून येत असेल व विसाव्याने बरे वाटत असेल, तर प्रथम हृदयाची तपासणी केली पाहिजे.

प्रश्न आणि बोट

निदानाचा मोठा भाग यंत्रावाचूनच पार पडतो. वेदना एका बाजूस की दोन्ही? ती गिळताना वाढते, मान वळवताना, की बोलताना? आधी ताप अथवा पडसे येऊन गेले होते काय? टॉन्सिलची शस्त्रक्रिया झाली आहे काय? गळ्याला मार लागला होता काय? या उत्तरांनी शोधाची दिशा ठरते.

त्यानंतर डॉक्टर बोटाने गळ्यातील एकेक अवयव निरनिराळा दाबून पाहतो: अवटू ग्रंथी, कंठिकास्थीची टोके, रोहिणीचा मार्ग, स्नायू आणि शेवटी तोंडातून टॉन्सिलची जागा. एखाद्या बिंदूवर दाब देताच रोगी ‘हेच ते दुखणे’ असे म्हणाला, तर मोठा धागा हाती लागतो. त्या जागी बधिरीकरणाचे औषध टोचून वेदना तात्पुरती थांबली, तर संशयाला बळकटी येते. यानंतर दुर्बिणीने स्वरयंत्राची पाहणी, ध्वनिलहरींचे चित्रण किंवा सी.टी. स्कॅन यांपैकी काय करावे, ते ठरते.

अवटू ग्रंथीचा दाह

अवटू ग्रंथी वाढली म्हणजे ती दुखतेच, असे नाही. आयोडीनच्या अभावाने होणारे गलगंड बहुधा दुखत नाही. दुखते ती दाह झालेली ग्रंथी. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द क्वेर्व्हें यांनी १९०४ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. विषाणुजन्य पडशानंतर काही आठवड्यांनी गळ्याचा पुढील भाग दुखू लागतो, कळ जबड्याकडे व कानाकडे जाते, ताप येतो आणि ग्रंथीला स्पर्शही सहन होत नाही. दाहामुळे ग्रंथीत साठलेले संप्रेरक एकदम रक्तात मिसळते. त्यामुळे छाती धडधडते व वजन घटते. रक्ताच्या तपासणीत ‘ई.एस.आर.’ बराच वाढलेला दिसतो. ग्रंथी मात्र किरणोत्सारी आयोडीन फारच अल्प शोषून घेते.

येथे अचूक निदानाचे मोल कळते. संप्रेरकाची निर्मिती रोखणारी औषधे या विकारात निरुपयोगी ठरतात. कारण ग्रंथी नवे संप्रेरक जास्त बनवत नसते, जुना साठाच सांडत असतो. दाहशामक औषधे, व तीव्र वेदनेत स्टेरॉइड, यांनी आराम पडतो. पुढे काही काळ संप्रेरक कमी पडू शकते; परंतु बहुतेक रोगी काही महिन्यांत पूर्ववत होतात.

कानाखालचा काटा

कानाच्या खाली कवटीपासून सुईसारखे एक हाड निघते व गळ्याच्या दिशेने उतरते. त्यास शरप्रवर्ध म्हणतात. त्याची लांबी सामान्यतः अडीच ते तीन सेंटिमीटर असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे वॉट वीम्स ईगल यांनी १९३७ साली असे दाखवून दिले की, हे हाड अधिक वाढल्यास घशात काटा रुतल्यासारखी वेदना होते आणि ती गिळताना किंवा डोके वळवताना वाढते. टॉन्सिलच्या जागी बोट लावल्यास हाडाचे टोक लागते, सी.टी. स्कॅनमध्ये त्याची लांबी मोजता येते. तथापि, लांब हाड असलेल्या बहुसंख्य लोकांना काहीच त्रास होत नाही. म्हणून केवळ चित्र पाहून निदान करू नये. चित्र, स्पर्श आणि तक्रार यांचा मेळ बसला पाहिजे. प्रथम औषधे व इंजेक्शन यांचा उपयोग करतात. त्यांनी न भागल्यास हाडाचा वाढीव भाग तोंडातून किंवा मानेतून शस्त्रक्रिया करून काढतात.

नाव आणि कारण

रोगाला नाव मिळाले म्हणजे कारण मिळाले, असे मात्र होत नाही. अमेरिकन शल्यविशारद टेंपल फे यांनी १९२७ साली ग्रीवा रोहिणीवर दाब देताच होणाऱ्या वेदनेचे वर्णन केले व तिला ‘कॅरोटिडिनिया’ हे नाव रूढ झाले. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात १९८८ साली तिला स्थान मिळाले. पण निरनिराळ्या कारणांच्या वेदना या एकाच नावाखाली गोळा होतात, असे दिसल्याने २००४ साली ते काढून घेण्यात आले. पुढे चित्रण सुधारले, तेव्हा काही रोग्यांत रोहिणीभोवतीच्या ऊतींचा दाह प्रत्यक्ष दिसला आणि २०१७ साली त्या विकाराला नवे नाव सुचवण्यात आले. तो बहुधा आपोआप किंवा दाहशामक औषधांनी शमतो.

केव्हा थांबू नये

काही खुणा दिसताच विलंब न करता रुग्णालय गाठावे. मानेत अकस्मात तीव्र कळ येऊन एका डोळ्याची पापणी खाली आली किंवा अंगाची एक बाजू लुळी पडली, तर रोहिणीची भिंत फाटल्याचा संभव असतो. श्वास अडखळणे, तोंड न उघडणे, लाळही न गिळता येणे ही घशात पू झाल्याची लक्षणे असू शकतात. तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा, गळ्यातील न जाणारी गाठ, गिळण्यातील वाढती अडचण व घटणारे वजन यांची तपासणी कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडून सत्वर करून घ्यावी.

या खुणा नसतील, तर भयाचे कारण सहसा नसते. तरीही वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहणे हा उपचार नव्हे. वेदना केव्हा येते, कशाने वाढते व कशाने शमते, याचे पंधरा दिवसांचे टिपण रोग्याने जवळ ठेवले, तर डॉक्टरचे अर्धे काम सोपे होते. गळ्यातील वेदना आपले ठिकाण चुकीचे सांगते. पण तिची वेळ आणि तिची रीत नीट टिपली, तर तिचा खरा पत्ता सापडू शकतो.