थ्रॉटल दाबला, तरी स्नोमोबाईल उठत का नाही?

गुलमर्गच्या बर्फात थ्रॉटल पूर्ण दाबलाय, तरी स्नोमोबाईल रडतेय? इंजिन ठीक असेल तर क्लच बघा. आपल्या स्कूटरसारखंच इथे बेल्ट आणि दोन पुल्या. इंजिनाकडच्या पुलीतली वजनं फिरताना बाहेर फेकली जातात, पुली आवळते, बेल्ट वर चढतो.

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर. विरळ हवेत साध्या इंजिनाची जवळपास चतुर्थांश ताकद जाते. मग सखल भागासाठी लावलेली वजनं जड पडतात, आरपीएम चढतच नाही. वजनं हलकी करा. आरपीएम कंपनीच्या आकड्यापुढे गेला, तर थोडी वाढवा.

थ्रॉटल सोडून पुन्हा दाबल्यावर गाडी अडखळते? मागच्या पुलीची स्प्रिंग जरा कडक करा.

आणि हो, एका वेळी एकच बदल! कोडमध्ये दोन ओळी एकदम बदलल्या की बग कशाने गेला ते कळत नाही, तसंच हे.